गुडघ्याचे दुखणे : ओळख आणि उपाय



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, समाजकारण अशा मोठ्या विषयांची व्याख्याने व्हावयाची, असा आपला नेहमीचा समज असतो. त्या मानाने आजचा विषय अगदी घरगुती आहे. गुडघा हा काही व्याख्यानाचा विषय आहे काय, असे एका मित्राने मला विचारलेही. मी त्यांना एवढेच म्हणालो, की सभा सुटल्यावर खुर्चीवरून उठताना किती जण दोन्ही हात मांड्यांवर टेकतात आणि पायऱ्या उतरताना किती जण कठड्याचा आधार घेतात, हे तुम्ही दाराशी उभे राहून मोजा. मग या विषयाला श्रोते आहेत की नाहीत, ते तुमचे तुम्हालाच कळेल.

विषयाला हात घालण्यापूर्वी मी माझ्या एका चुकीची हकिगत सांगणार आहे. डॉक्टरने आपल्या यशाच्या गोष्टी सांगाव्यात अशी रीत आहे. पण या चुकीने मला जे शिकविले, तेच आजच्या व्याख्यानाचे सार आहे.

वेल्हे तालुक्यातील, म्हणजे ज्याला आता राजगड तालुका म्हणतात त्या भागातील, गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एक बाई बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या. वय अठ्ठावन्नच्या आसपास. भाताची लावणी नुकतीच उरकली होती आणि दोन्ही गुडघे धरले होते. मी गुडघे दाबून पाहिले, क्ष-किरण चित्र काढून आणविले. चित्रात झीज दिसली. मी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणालो, "आजी, गुडघे झिजले आहेत. आता वय झाले. चढउतार बंद करा, शेतात जाऊ नका, घरी बसून विश्रांती घ्या." माझ्या मते मी मोठा सहानुभूतीचा सल्ला दिला होता.

दोन वर्षांनी त्यांच्या गावी जाण्याचा योग आला. बाई ओसरीवर बसलेल्या होत्या. मांड्यांचे स्नायू पार आटले होते, पोट सुटले होते, सुनेने काखेत हात घातल्यावाचून उठणे होत नव्हते. मेंगाईच्या जत्रेलाही त्या दोन वर्षांत गेल्या नव्हत्या. मी विचारले, "असे कसे झाले?" त्या शांतपणे म्हणाल्या, "डाक्टर, तुमीच म्हनाला व्हता, बसा. बसले."

मित्रहो, त्या दोन शब्दांना माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या बाईंचा गुडघा झिजेने जेवढा बिघडला होता, त्याहून अधिक तो माझ्या सल्ल्याने बिघडला होता. म्हणून आज मला आपणास एकच गोष्ट पटवून द्यावयाची आहे. झिजेने दुखणारा गुडघा बसवून ठेवला म्हणजे राखला जातो, हा समज खोटा आहे. योग्य रीतीने चालविला तरच तो चालता राहतो.

प्रथम हे दुखणे किती पसरलेले आहे ते पाहू. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे, पुण्याचे संधिरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली एक पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने चाललेल्या एका कार्यक्रमाचा तो भाग होता. त्यांनी रुग्णालयात बसून रोग्यांची वाट पाहिली नाही. गावातील माणसेच हाताशी घेऊन घरोघर विचारपूस केली. ४,००० हून अधिक प्रौढ माणसांची माहिती त्यांनी मिळविली, तेव्हा दर शंभरांत सुमारे १८ जणांना हाडासांध्यांचे काही ना काही दुखणे असल्याचे आढळले. ज्याचा मोठा बोभाटा होतो तो आमवात शंभरांत जेमतेम अर्ध्या माणसाला होता. सांध्यांच्या झिजेचे रोगी त्याच्या कितीतरी पट होते. म्हणजे नाव मोठे आमवाताचे, पण खेड्यापाड्यांतून माणसांना खाली बसविणारे दुखणे बहुधा झिजेचे.

आता भोर-वेल्ह्याच्या आपल्या जीवनाकडे पाहा. हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंडाचे खोरे, कुठेही जा, रोजचे जिणे चढउताराचे. पावसाळ्यात चिखलणी झाली, की बायका इरले घेऊन गुडघाभर चिखलात ओणव्याने लावणी करणार. पाय रुतलेला, अंग वाकलेले, आणि एकेक पाऊल चिखलातून उपसून मागे घ्यावयाचे. लावणी संपली की बेणणी, मग कापणी, मग भाऱ्यांची वाहतूक. डोंगरातून लाकडाची मोळी आणावयाची ती डोक्यावरून आणि उताराने. पाण्याचा हंडा चढाने. घरी आल्यावर चुलीपुढे उकिडवे बसणे, भांडी उकिडव्याने, शौचास उकिडवे. आमच्या बायकांच्या गुडघ्याला दिवसभरात पुरती मोकळीक मिळते ती झोपेतच, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

उकिडवे बसण्याचा आणि गुडघ्याच्या झिजेचा संबंध काय, याचा विचार चीनमध्येही झाला आहे. बीजिंग शहरातील वृद्धांची पाहणी करून तिची अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या पाहणीशी तुलना करण्यात आली, ती २००१ साली प्रसिद्ध झाली. चिनी बायका अमेरिकन बायकांहून अंगाने सडपातळ. तेव्हा त्यांचे गुडघे अधिक चांगले असावयास हवे होते. प्रत्यक्षात गुडघ्याची झीज चिनी बायकांतच अधिक आढळली. पुढे त्याच संशोधकांनी असेही दाखविले, की तरुणपणी रोज पुष्कळ वेळ उकिडवे बसणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होते. म्हणून मांडी घालून बसण्याची आपली रीत वाईट असे मी म्हणणार नाही. निरोगी गुडघ्याला ती मानवते. परंतु दुखऱ्या गुडघ्याला ती जड जाते, एवढे ध्यानात ठेवावे.

हे का होते, हे समजण्यासाठी गुडघ्याची रचना थोडक्यात सांगतो. वरून मांडीचे हाड येते, खालून नडगीचे हाड, आणि पुढे वाटी. हाडांची जी टोके एकमेकांवर फिरतात, त्यांवर कूर्चा नावाचे गुळगुळीत, लवचिक आवरण असते. दोन्ही हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. सांध्याभोवती पिशवी असते आणि तिच्या अस्तरातून थोडेसे चिकट पाणी पाझरते, त्याला आपण वंगण म्हणतो. बाजूंनी घट्ट बंध आणि पुढेमागे मांडीचे जोरकस स्नायू.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. मग तिचे पोषण कसे होते? भिजलेला स्पंज दाबला की पाणी बाहेर येते आणि सोडला की पाणी आत जाते, तसे चालताना कूर्चेवर भार पडतो व सुटतो, आणि त्या दाबण्या-सोडण्यात सांध्यातील पाणी तिच्यात खेळते. चालणे हेच तिचे अन्न. म्हणून गुडघा म्हणजे बैलगाडीचा आख नव्हे, की जितका फिरेल तितका झिजेल. तो जिवंत आहे, वापराने तो पोसला जातो. "वंगण संपले" असे लोक म्हणतात आणि ते वाढविण्यासाठी नाना वस्तू विकत घेतात. वास्तविक दुखऱ्या गुडघ्यात कित्येकदा पाणी कमी न होता वाढलेले असते, आणि म्हणूनच तो सुजलेला दिसतो.

मग दुखते काय? कूर्चेला मज्जातंतूही नाहीत, तेव्हा ती स्वतः दुखत नाही. ती विरळ झाली की तिच्याखालचे हाड, पिशवीचे अस्तर आणि बंध यांच्यावर ताण येतो, हाडाच्या कडांना कंगोरे फुटतात, अस्तराला सूज येते, आणि मांडीचे स्नायू दुबळे असले तर प्रत्येक पावलाचा हिसका थेट सांध्यावर बसतो. यातील कूर्चा पूर्ववत करणारे औषध आजमितीस उपलब्ध नाही, हे मी स्पष्टच सांगतो. परंतु स्नायूंचे बळ, शरीराचे वजन आणि रोजची वागणूक या तिन्ही गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

आता हे दुखणे ओळखावे कसे? वय साधारण पंचेचाळिसाच्या पुढे. दुखणे हळूहळू, महिन्या-वर्षांनी वाढत गेलेले. चालल्याने, जिन्याने, विशेषतः उतरताना दुखते आणि बसल्यावर उतरते. सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो, पण दहा-पंधरा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, तो मोकळा होतो. एस्‌टीत तासभर बसून उठले की पहिली चार पावले लंगडत पडतात. वाकविताना करकर वाजते. पुढे पुढे गुडघा रुंद व गाठाळ दिसू लागतो, आणि कित्येकांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात. ही लक्षणे जुळली, की रोग ओळखण्यास क्ष-किरण चित्राचीही बहुधा गरज पडत नाही.

चित्राबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण चित्राने माणसे फार घाबरतात. चित्रात भरपूर झीज आहे पण दुखत नाही, अशी माणसे पुष्कळ असतात. उलट चित्र जवळजवळ चांगले आणि दुखणे मोठे, असेही दिसते. "गॅप कमी झाली" हे शब्द कानी पडले की माणूस त्याच दिवसापासून स्वतःला पंगू समजू लागतो. बंधुभगिनींनो, उपचार माणसावर करावयाचे असतात, चित्रावर नव्हे.

वाजणाऱ्या गुडघ्याचेही तसेच आहे. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर त्याची काळजी करू नये.

परंतु गुडघ्याचे प्रत्येक दुखणे झिजेचे नसते, आणि येथे चूक झाली तर महाग पडते. सकाळचा आखडलेपणा तासाहून अधिक टिकत असेल, दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजत असतील, तर तो आमवात असण्याचा संभव आहे. तो स्त्रियांत पुरुषांहून अधिक, आणि पुष्कळदा ऐन तारुण्यात होतो. त्याची औषधे निराळी आहेत आणि ती लवकर सुरू केली तर सांधे वाचतात. एका रात्रीत गुडघा किंवा पायाचा अंगठा लाल होऊन फुगला आणि चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर ते वातरक्त असू शकते. तापाच्या साथीनंतर अनेक सांधे धरले, तर चिकुनगुन्या आठवावा. २००६ सालच्या साथीत महाराष्ट्रातील खेडीच्या खेडी अशी लंगडत होती. आणि सर्वांत महत्त्वाचे : गुडघा गरम, लाल, सुजलेला आणि अंगात ताप, असे एकदम झाले, तर सांध्यात पू झाला असण्याची शक्यता असते. त्या वेळी शेकत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पडल्यानंतर पायावर भार देता येईना, गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, वजन आपोआप घटू लागले, रात्रभर निजल्या जागी ठणका लागला, तरी विलंब करू नये.

आता उपायांकडे वळतो. पहिला उपाय म्हणजे मांडीचे स्नायू बळकट करणे. या उपायाला पैसा पडत नाही, म्हणूनच कदाचित त्याला मान नाही. चार साधे व्यायाम सांगतो.

खुर्चीवर किंवा ओट्याच्या कडेला पाय सोडून बसा. एक पाय सावकाश सरळ करा, मांडी आवळा, मनात दहा आकडे मोजा, आणि सावकाश खाली आणा. दुसरा असा : उताणे निजा, एक गुडघा वाकवून पाऊल टेकवा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच आकडे मोजा, खाली ठेवा. तिसरा : गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती दाबून धरा. चौथा : जराशा उंच खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि धपकन न बसता सावकाश बसा. प्रत्येक व्यायाम आरंभी पाच-पाच वेळा करावा आणि हळूहळू दहा-पंधरांपर्यंत न्यावा. याखेरीज सपाट रस्त्यावर रोज चालावे. दहा मिनिटे जमत असतील तर दहा, पुढे अर्धा तास.

"पण डॉक्टर, व्यायाम करताना दुखते," असे सगळे म्हणतात. थोडे दुखणे म्हणजे इजा नव्हे. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीइतके उतरले, तर प्रमाण बरोबर आहे. सकाळीही ते वाढलेलेच असले, तर संख्या कमी करावी. व्यायाम मात्र सोडू नये. आणि धीर धरावा. पेरले की लगेच कापणी होत नाही. सहा आठवड्यांनी फरक जाणवू लागतो, तीन महिन्यांनी तो चांगला दिसतो. सोडून दिले तर मिळविलेले बळही जाते, म्हणून दात घासण्याइतकीच ही नित्याची गोष्ट झाली पाहिजे.

दुसरा उपाय वजनाचा. सपाटीवर चालताना दर पावलाला गुडघ्यावर शरीराच्या दोन-तीन पट भार येतो, जिन्यावर त्याहून अधिक. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की अंगाचे वजन एक किलो उतरले तर गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी उतरतो. पाच किलो उतरविले तर वीस किलोंचे ओझे उतरले. दिवसाची काही हजार पावले धरून हिशेब करा, म्हणजे गुडघ्याला काय सुख मिळते ते कळेल. आपल्याकडे आंबेमोहोराच्या भाताचा सुगंध सुटला की हात आखडता घेणे कठीण, हे मलाही ठाऊक आहे. भात सोडा असे मी सांगत नाही. ताटातला भात थोडा कमी करून डाळ, उसळ, पालेभाजी वाढवा, चहातील साखर आणि तळलेले पदार्थ कमी करा, एवढेच सांगतो.

तिसरा उपाय घरच्या सोयींचा. जमिनीवरून जे वर उचलता येईल ते उचलावे. स्वयंपाकाचा ओटा उभ्याने काम करता येईल असा असावा. भाजी चिरणे, निवडणे टेबलावर किंवा उंच चौरंगावर बसून करावे. शौचालयात खुर्चीवजा बैठक असावी, ते न जमल्यास मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते ती वर ठेवावी. शेजारी भिंतीला धरावयास एक दांडी बसवून घ्यावी. घराच्या नव्या बांधकामात आपण दर्शनी भागाला खर्च करतो, पण म्हाताऱ्या आईसाठी ही दांडी बसविण्याची आठवण आपल्याला होत नाही.

काठीची लाज वाटू देऊ नका. मात्र काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरावयाची नसते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजव्या पावलाबरोबर ती पुढे टाकावयाची. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. रायरेश्वरी किंवा राजगडी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की गुडघ्याला चढापेक्षा उतार जड. उतरताना पावले लहान टाकावी आणि हाती काठी असावी.

शेताच्या कामातही फेरफार करता येतो. लावणीची पात धरली की ती संपेपर्यंत उठावयाचे नाही, असा आपल्याकडे बायकांचा बाणा असतो. अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटे सरळ उभे राहावे, पाय झाडावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी लावणी सोडून तरवा काढण्याचे काम घ्यावे, तेही लहानशा स्टुलावर बसून. रायगड जिल्ह्यात नेरळ येथील शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणी या दोन्हींना फाटा देऊन गादीवाफ्यावर भात टोकण्याची पद्धत रूढ केली आहे. ती सगुणा तंत्र या नावाने ओळखली जाते. तिचे गुणदोष शेतीतज्ज्ञांनी सांगावेत. एक डॉक्टर म्हणून मला तिच्यात बायकांच्या कमरा आणि गुडघे वाचविण्याची सोय दिसते.

आता औषधांविषयी. शेकल्याने बरे वाटते, अवश्य शेकावे. पण मधुमेह्यांनी पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याकडून पाहून घ्यावे, कारण त्यांना चटका कळत नाही. तेल लावण्यासही हरकत नाही, बरे वाटते ते बहुधा चोळण्याच्या उबेने. वेदनाशामक मलम गुडघ्याला चांगले उपयोगी पडते आणि पोटातील गोळीपेक्षा ते निर्धोक. म्हणून प्रथम मलम, आणि त्याने भागले नाही तरच गोळी.

गोळीबद्दल एक गोष्ट सांगतो. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर पूर्वी गिधाडे असत. १९९० नंतरच्या दशकात ती देशभर भराभर मरू लागली. कारण कळेना. २००४ साली संशोधकांना ते सापडले. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध देत, आणि ते जनावर मेल्यावर त्याचे मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तेच डायक्लोफेनॅक माणसांच्या गुडघेदुखीच्या कितीतरी गोळ्यांत असते. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस घेतलेली गोळी बहुतेकांना सोसते. पण दुकानातून स्वतः आणून महिनोन्‌महिने ती खाल्ली, तर माणसाचीही मूत्रपिंडे, जठर आणि हृदय यांना धोका पोचतो. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, जठराचा व्रण असलेल्यांनी आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी विचारल्यावाचून ती मुळीच घेऊ नये. शौचास काळे, डांबरासारखे झाले तर पोटात रक्तस्राव झाला असे समजून तडक रुग्णालयात जावे.

याहून भयंकर म्हणजे नावगाव नसलेल्या पुड्या. बाजारात कोणी एक पुडी देतो, तिसऱ्या दिवशी गुडघा मोकळा होतो, आणि माणूस त्याला देव मानतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले आढळते. काही महिन्यांत तोंड गोल होते, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. ज्यांची अशी पुडी दीर्घकाळ चालू आहे त्यांनी मात्र ती एकदम बंद करू नये, त्यातही धोका असतो. ती घेऊन डॉक्टरांकडे जावे.

आयुर्वेदाने हे दुखणे फार पूर्वी ओळखले होते. सांध्यातील वाताने आलेली सूज वाऱ्याने भरलेल्या कातडी पखालीसारखी हाताला लागते आणि सांधा वाकविताना-पसरताना दुखतो, असे वर्णन चरकसंहितेत आहे. वैद्यांचे औषध घेणाऱ्यांना मी अडवीत नाही. शिकलेल्या वैद्याकडून, औषधाचे नाव विचारून घ्यावे, एवढीच विनंती.

गुडघ्यात घेण्याच्या स्टेरॉइडच्या सुईने काही आठवडे आराम पडतो. सूज फार असेल तेव्हा तिचा उपयोग आहे, पण ती वारंवार घेणे हिताचे नाही. दुर्बिणीने गुडघा आतून धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया एके काळी फार चाले. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रोग्यांवर एक धाडसी प्रयोग झाला. काहींचा गुडघा खरोखर धुतला, आणि काहींच्या, त्यांच्या संमतीने, कातडीवर नुसत्या चिरा दिल्या. कोणाचे काय केले हे रोग्यांना सांगितले नाही. दोन वर्षांनी पाहिले, तर दोघांना सारखेच बरे वाटत होते. तेव्हा निव्वळ झिजेसाठी गुडघा धुऊन घेण्यात अर्थ नाही.

सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे मात्र तसे नाही. सर्व उपाय मनापासून करूनही रात्रीची झोप जाते, घरातल्या घरात चालणे अशक्य होते, त्या अवस्थेत ही शस्त्रक्रिया वरदानच आहे. धातू आणि टणक प्लॅस्टिक यांचा हा कृत्रिम सांधा बहुतेकांना वीस-पंचवीस वर्षे साथ देतो. २०१७ साली केंद्र सरकारने त्याच्या किमतीवर मर्यादा घातली, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा स्वस्त झाला. परंतु तीही मोठी शस्त्रक्रिया आहे, थोड्यांना जंतुसंसर्ग होतो, आणि नंतर व्यायाम चुकत नाही. व्यायाम टाळण्यासाठी शस्त्रक्रिया करणाऱ्यांची निराशा होते. ज्यांनी आधीच मांडी बळकट केलेली असते, ते लवकर उभे राहतात.

आता अखेरीस त्या गुंजवणी खोऱ्यातल्या बाईंकडे परत येतो. त्या दिवशी मी त्यांची क्षमा मागितली आणि म्हणालो, "आजी, माझे चुकले. आता मी सांगतो ते तीन महिने करून पाहा." त्यांची शाळकरी नात हजर होती. तिला मी चारही व्यायाम शिकविले. ती रोज सकाळी आजीपाशी बसून मोठ्याने आकडे मोजत असे. पहिल्या महिन्यात काहीच दिसले नाही, आणि आजींनी मला मनात चार शब्द दिलेही असतील. दुसऱ्या महिन्यात त्या सुनेच्या आधाराशिवाय उठू लागल्या. तिसऱ्या महिन्याअखेर काठी घेऊन देवळापर्यंत गेल्या. गुडघे दुखावयाचे थांबले नाहीत. चित्र आज काढले तर त्यात झीज पूर्वीइतकी, कदाचित अधिकच दिसेल. पण पुढच्या पावसाळ्यात त्या बांधावर स्टूल टाकून तरव्याच्या मुठी बांधीत बसल्या होत्या, आणि दुपारची भाकर घेऊन घरून शेतापर्यंत स्वतःच्या पायांनी आल्या होत्या.

आपल्या घरी अशी आई असेल, आजी असेल, वडील असतील. "वय झाले, आता बसा" हे आपण प्रेमाने म्हणतो, आणि त्या प्रेमानेच त्यांचे देऊळ, शेजार, शेत, पंढरीची वाट एकेक करून बंद करतो. त्यांच्या हातून काम काढून घेण्याऐवजी हाती काठी द्या, बसण्यास उंच आसन द्या, आणि रोज दहा मिनिटे त्यांच्याशेजारी बसून आकडे मोजा. दुखरा गुडघा ही वार्धक्याची शिक्षा म्हणून निमूटपणे भोगावयाची गोष्ट नाही.

आणि आता व्याख्यान संपते आहे, तेव्हा पहिला प्रयोग येथेच करू. उठताना कोणीही हात टेकू नये. एका वेळी जमले नाही तर हरकत नाही, उद्या पुन्हा प्रयत्न करावा.